हेडफोन निवडायला आठ दिवस, डावा कान मिळवायला दोन महिने

आधीच सांगतो, हेडफोन मस्त आहेत, आत्ता हे टाइप करताना कानावरच आहेत. पण गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तीन हजारात गाणं ऐकायला कुठला घेऊ?" आणि मी त्याला हेडफोनबद्दल पाच मिनिटं आणि सर्व्हिस सेंटरबद्दल पाऊण तास सांगत बसलो. तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढू.

निवडणं तसं सोपं गेलं. बजेट तीन हजार, ऐकायचं मुख्यतः शास्त्रीय, तेही घरातच, आणि आमचं घर पुण्यात भर रस्त्यावर. ओपन बॅक म्हणजे ज्याला मागून जाळी असते ते, त्यात आवाज छान मोकळा वाटतो पण रिक्षाचा हॉर्नही आत येतो आणि आपला राग अख्ख्या घराला ऐकू जातो, म्हणून क्लोज्ड बॅक. ब्लूटूथ सोडलं कारण तेवढ्याच पैशात बॅटरी, चिप, माईक सगळंच बसवायचं म्हटल्यावर आवाजावर खर्च करायला उरतं काय, शिवाय बॅटरी म्हातारी झाली की अख्खा हेडफोन भंगारात. तर वायरवाला, कानावर पूर्ण बसणारा, 32 ओहमचा. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, तो बघाच, फार असला की फोनचा जोर पुरत नाही. स्टुडिओवाले 250 ओहमचे हेडफोन नुसत्या फोनला लावले तर गवई शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. हाय-रेसच्या (म्हणजे हाय रेझोल्युशन, जास्त बारकाव्याचा आवाज) सोनेरी स्टिकरला भुलू नका, त्यात 40 किलोहर्ट्झपर्यंतची भाषा असते आणि माणसाचा कान फार तर 20 पर्यंत ऐकतो, माझ्या वयात तेवढंही नाही.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दोन शनिवार फिरलो. दुकानदार ऐकवायला जे गाणं लावतो त्यात धमधम सोडून काही नसतं, म्हणून आपल्याच फोनवर आपलं रोजचं गाणं घेऊन जायचं. मी एक विलंबित ख्याल नेला होता. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेल्या प्रत्येक हेडफोनात तबल्याच्या डग्ग्याने तानपुरा गिळलेला. एकात मात्र तारांचा झंकार वेगळा ऐकू आला, तोच पक्का केला. आणि मग काय केलं, तर दुकानदाराला "विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो आणि ऑनलाइन चारशे रुपयांनी स्वस्त मिळाला तो मागवला. 2,650 रुपये. या चारशे रुपयांची गोष्ट आहे पुढची सगळी.

2 ऑगस्टला पार्सल आलं. मला तेव्हा सणसणीत सर्दी. डावीकडून आवाज कमी वाटत होता, मला वाटलं कानाला दडा बसलाय. सर्दी गेली तरी तेच. मग नवव्या दिवशी एक जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज जातो, त्यामुळे गाणारा बरोब्बर डोक्याच्या मधोमध बसायला हवा, तर बुवा सरकून उजव्या कानाशी बसलेले. हेडफोन उलटा घातला, बुवा डाव्या कानाशी. म्हणजे कान ठणठणीत होता, हेडफोनच बहिरा होता.

ही उलटा घालायची परीक्षा पहिल्याच दिवशी करा, दोन मिनिटांचं काम आहे. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असतं ते चालू करायचं आणि तिथेच डावी-उजवीची पट्टी मधोमध आहे ना तेही बघायचं. मी नवव्या दिवशी केली आणि बदलून द्यायची मुदत होती सात दिवस.

अ‍ॅपवर उत्तर आलं, आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. गेलो. अर्धा दिवस रजा टाकून. काउंटरवरच्या मुलाने हेडफोन स्वतःच्या फोनला लावला, कुठलंतरी डीजेचं गाणं फुल आवाजात दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "येतोय की दोन्हीकडून." मी म्हटलं येतोय रे, सारखा येतोय का ते बघ. त्याने परत तेच गाणं लावलं! शेवटी जॉबशीट करून ठेवून घेतला. बारा दिवसांनी मेसेज आला, घेऊन जा. जॉबशीटवर शेरा: नो फॉल्ट फाउंड.

दुसऱ्या खेपेला साहेबांना भेटायचं म्हणून अडून बसलो. साहेब म्हणे बिलावर सिरियल नंबर नाही, हा पीस याच बिलाचा कशावरून? आता ऑनलाइन बिलावर तो नव्हताच, होता फक्त खोक्यावरच्या स्टिकरवर. खोकं कुठंय? घरी फोन लावला तर कळलं, खोक्यात दिवाळीच्या लाइटच्या माळा भरून ते माळ्यावर गेलंय. निदान रद्दीत तरी गेलं नव्हतं. तर तिसरी खेप खोक्यासह. तेव्हा साहेब रजेवर, आणि काउंटरवरचा नवीन मुलगा मला विचारतो, "काका, कान तपासलेत का?"

त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीवर नुसता दहा मिनिटं बसून होतो. 2,650 रुपयांसाठी तीन अर्ध्या रजा. बायको म्हणाली सोड ना, घे दुसरा. खरंच सोडलं असतं, पण 'कान तपासलेत का' हे काही पचेना.

मग दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप घेतलं, मोनोत एकच सलग सूर लावला आणि फोनच्या माइकला आधी उजवा मग डावा कप तसाच दाबून धरून बघितलं. उजवा 84 डेसिबल, डावा 78. फोनचं अ‍ॅप काही प्रयोगशाळा नाही, खरा आकडा काय ते सोडा, पण पाच वेळा मोजून पाचही वेळा सहाच्या आसपास फरक, आणि हे सगळं लेकीने तिच्या फोनवर व्हिडिओत घेतलं. दुसरी गोष्ट, 1915 ला फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं (दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी!), तक्रार नंबर दिला. मी बिल, खोक्याचा फोटो, व्हिडिओ आणि तीच 'नो फॉल्ट'वाली जॉबशीट असं सगळं जोडलं. जॉबशीटची प्रत प्रत्येक वेळी मागून घ्या, माझ्या पहिल्या खेपेचा तोच एक पुरावा होता. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोचवून पाठपुरावा करते. तिथे नाहीच झालं तर ग्राहक आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे तक्रारीची फी नाही, हेही मी तोवर वाचून ठेवलेलं. इतका पेटलो होतो.

सहाव्या दिवशी कंपनीच्या हेड ऑफिसातून फोन. "सर, आपको असुविधा हुई." तीन मिनिटांत विषय संपला. 11 ऑक्टोबरला नवा पीस घरपोच. दारातच उभं राहून उलटा-सुलटा घालून बघितला, कुरियरवाला माझ्याकडे बघतच राहिला. बुवा मधोमध.

अरे हो, चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच घालून बघा. काडीमुळे गादी कानाला नीट टेकत नाही, फट राहिली की खर्ज तिथून पळतो, आणि अर्ध्या तासाने कानामागे दुखतं ते वेगळंच. माझा फोन जॅकवाला आहे म्हणून विचार करावा लागला नाही, नसेल तर टाइप-सीचं छोटं कनेक्टर लागेल ते बजेटात धरा, आणि त्याच्या आत डॅक (डिजिटल सिग्नलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप) आहे का विचारा, कारण काही फोनना बिनडॅकचं चालत नाही.

त्या बुधवार पेठेतल्या दुकानात परवा चार्जर घ्यायला गेलो होतो. त्याने ओळखलं. "काय साहेब, झाला का विचार करून?" मी चार्जर घेतला, भाव केला नाही.

नव्या पीसची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही म्हणे, जुन्या बिलाच्याच तारखेपासून. म्हणजे 1 ऑगस्टपर्यंत. तोवर दोन्ही खोकी माळ्यावर, आणि लाइटच्या माळा पिशवीत.