आमची वाटचाल : १५० साड्या आणि २४० जॅकेटं

परवाच्या प्रदर्शनात एक ताई आमच्या स्टॉलवर आल्या, जॅकेट अंगात घालून बघितलं, आरशासमोर तीनदा वळून बघितलं, आवडलंय हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि किंमत ऐकली तशा म्हणाल्या, "जुन्याच साडीचं ना? मग एवढे कसे?" चौदा वर्षं झाली जुन्या साड्यांचे नवे कपडे शिवायचा धंदा करतेय, हा प्रश्न एकही प्रदर्शन चुकलेला नाही. उत्तर स्टॉलवर उभं राहून देता येत नाही, गर्दी असते, म्हणून इथे लिहितेय.

सुरुवात २०११ ची. पुण्यात धायरीला आमच्या घराच्या हॉलमध्ये एक मशीन, ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामं. आमच्या गल्लीत भांडेवाली मावशी यायची, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. एकदा समोरच्या वहिनींनी तिला एक नारायणपेठ दिली, मरून रंगाची, काठ शाबूत, फक्त निऱ्यांच्या जागी विरलेली, आणि बदल्यात घेतला पोह्यांचा डबा. मी खाली धावत गेले आणि मावशीला म्हणलं ही मला दे. तिने दीडशे मागितले, मी दिले. त्या साडीचा माझ्या पुतणीला अनारकली शिवला, तो तिने कॉलेजच्या गॅदरिंगला घातला आणि पुढच्या आठवड्यात तिच्या चार मैत्रिणी दारात उभ्या. धंदा असा सुरू झाला. मावशी आजही आमच्याकडे येते, आता भांड्यांची पाटी डोक्यावर नसते, तिचा मुलगा रिक्षातून बोचकी आणून टाकतो, पण साडी निवडायला मावशीच बसते. बोटांनी काठ चोळून सांगते, "ताई, हिची जर खरी हाय, हिला जरवाल्याला दावू नको." जुनी जर विकत घेणारे चांदीसाठी काठ कापून नेतात आणि बिनकाठाची साडी चिंधीच्या भावात येते, हे मला तिनेच शिकवलं. अशा बिनकाठाच्या साड्यांची अस्तरं इतकी सुंदर होतात की विचारू नका.

मास्तर आले २०१२ ला. कॅम्पातल्या सूट शिवणाऱ्या दुकानात ते तीस वर्षं कटिंगला होते, दुकान बंद झालं आणि कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी मी साडी टेबलावर पसरली आणि कात्री उचलली तर म्हणाले, "ताई, थांबा. आधी उजेडाला धरा." साडी खिडकीत आडवी धरली तर घडीच्या रेषांवर बारीक बारीक भोकं, चाळणीसारखा उजेड येत होता. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्याच रेषेवर चिरतं, वरून काही दिसत नाही. मास्तरांनी खडूने त्या सगळ्या जागा वगळून नकाशा काढला, जमिनीच्या मोजणीचा असतो तसा, आणि मग उरलेल्या जागेत पाठ कुठे, पुढचे दोन पल्ले कुठे, बाह्या कुठे ते बसवलं. नव्या कापडाच्या तागावर पॅटर्न ठेवून सटासट कापणाऱ्याला हे कळणार नाही. आमच्यात कापड ठरवतं काय शिवायचं ते, गिऱ्हाईक नाही आणि आम्हीपण नाही.

त्यांची कात्री दहा इंची, लोखंडी, अंगठ्याच्या जागी कापडाची पट्टी गुंडाळलेली. त्या कात्रीने कागद कापला तर मास्तर दिवसभर बोलत नाहीत. तसं आमचं खरं हत्यार कात्री नाही, उसवणी आहे, टाके कापायचं लहानसं टोकदार अवजार. फॉल काढायचा, पिको काढायचा, जुने टाके, आधीचं कुणीतरी घाईत मारलेलं रफू, शर्ट असेल तर कॉलर, कफ, बगला, सगळं धागा धागा करून मोकळं करायचं. पूर्वी सगळ्याजणी अर्धं ब्लेड वापरायच्या, मी ते बंद केलं, रेशमात ब्लेड एकदा घसरलं की साडी गेली. आता उसवणीने दर चौथा टाका कापायचा आणि उलट्या बाजूने दोरा ओढायचा, पूर्ण शिवण एका ओढीत सुटते आणि कापडाला ओरखडा येत नाही. एका साडीला पाऊण तास, जुन्या सुटाला तीन तास. नवीन कापडाच्या शिलाईत हे काम नसतंच, त्यामुळे कुणी त्याचे पैसेच धरत नाही. स्टॉलवरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कापड जुनं असतं, हात जुन्या भावाचे नसतात.

मधली वर्षं बरी गेली. हॉलमधून गाळ्यात आलो, एकाच्या चार मशीन झाल्या, एक ओव्हरलॉक घेतलं, सात जणी कामाला लागल्या.

मग आलं २०१९. ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका मोठ्या ऑनलाइन स्टोअरची मुलगी आमच्या गाळ्यावर आली. नाव लिहीत नाही. तिने हँगरवरची लाँग जॅकेटं बघितली आणि वेडीच झाली, प्रत्येकाचे फोटो काढले, म्हणाली दिवाळी कलेक्शनला हेच पाहिजे, २४० पीस, एस, एम, एल, एक्सएल प्रत्येकी ६०. दर १,४५०. म्हणजे ३ लाख ४८ हजारांची ऑर्डर. तोपर्यंत आमचं सगळ्यात मोठं काम ३५ पीसचं होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, की प्रत्येक पीस वेगळा होणार, एका साडीत फार तर दोन जॅकेटं निघतात, विरलेली असेल तर एकच. ती म्हणाली, "तेच तर हवंय आम्हाला, युनिक." वीस टक्के ॲडव्हान्स आला, ६९,६०० रुपये, आणि आठ पानांची पर्चेस ऑर्डर आली. मी सही केली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की न विकला गेलेला आणि गिऱ्हाइकाने परत केलेला माल पुरवठादाराला परत जाईल. ते मी वाचलं नाही.

दीडशे साड्या गोळा करायला मावशी आणि तिची दोन्ही मुलं पुणं पालथं घालत होती. मी बुधवार-रविवार जुन्या बाजारात उन्हात उभी. प्रत्येक साडी धुऊन नाहीतर ड्रायक्लीन करून घेतली, आठशे वेळा उजेडाला धरली असेल. सप्टेंबरभर गाळ्याचा दिवा अकराच्या आधी बंद झाला नाही, गणपतीत पाचव्या दिवशी मी घरी आरतीला नव्हते, ते अजून लागतं मनाला. मास्तरांचे डोळे सुजले होते. खर्च सव्वादोन लाखाच्या घरात गेला, त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण टाकल्या, आणि माल पाठवून बिल फाडलं त्याच महिन्याचा १२ टक्के जीएसटी खिशातून भरला, कारण हजाराच्या वरच्या कपड्याला तेव्हा तोच दर होता आणि पैसे यायचे होते नव्वद दिवसांनी. पण २४० पीस वेळेवर गेले. एकही टीप वाकडी नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

त्यांनी काय केलं, तर त्यातल्या बारा जॅकेटांचे फोटो काढले आणि त्या बारा फोटोंखाली सगळी २४० विकायला लावली. मोरपंखी गढवाल बघून मागवणारीच्या हातात पडली जांभळी कांजीवरम. जॅकेट चांगलंच होतं, पण तिने मागवलं ते नव्हतंच, मग ती परत करणारच की. त्यात तिची काही चूक नाही. नोव्हेंबरच्या शेवटी टेम्पो आला आणि १६७ पीस परत. कचऱ्याच्या असतात तसल्या काळ्या पिशव्यांत कोंबलेले. मी आणि मास्तर दोघं जमिनीवर बसून एकेक काढत होतो. कितीतरी नुसती परत आलेली नव्हती, दिवाळीत घालून मिरवून मग परत केलेली होती. कॉलरला मेकअपचा थर, बगलेत घामाचा पांढरा डाग, एकाच्या खिशात लिपस्टिक पुसलेला टिश्यू. रेशमावरचा घामाचा डाग निघत नाही, तो रंग खातो. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त प्रत्येक जॅकेट झटकून बाहीत बाही घालून घडी करत राहिले. हिशोब आला : ७३ पीसचे पैसे, त्यातून ॲडव्हान्स वजा, वर परतीच्या वाहतुकीचे नगाला ६५ रुपये वजा. हातात २५,३९५ रुपये. मी फोन केला तर ती मुलगी नोकरी सोडून गेली होती, दुसऱ्या कुणीतरी मला तिसरं पान काढायला सांगितलं.

सहा वर्षं झाली. अजूनही त्या स्टोअरची जाहिरात मोबाईलवर आली की माझा हात थरथरतो.

म्हणून धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलींना सांगते, परतीच्या बोलीवर एक रुमालसुद्धा देऊ नका. कागद घरी आणा, रात्रभर ठेवा, सकाळी वाचा. आणि गिऱ्हाइकाची साडी घेताना तिच्यासमोर उजेडाला धरून भोकांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर उद्या ती भोकं तुम्ही पाडली असं होतं.

त्या डिसेंबरमध्ये मी गाळा सोडायच्या विचारात होते. मालकाला तसं बोललेपण होते. आणि मग बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या २०१३ पासूनच्या गिऱ्हाईक, मूळच्या सोलापूरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीत त्यांच्या आईचं नऊवारी इरकल होतं. सुती, गर्द हिरवं, लाल टोपपदर. त्यांना त्याचा कुर्ता हवा होता. डाव्या अंगाला दोन बोटं रुंद रफू होतं, आईने स्वतः केलेलं, तेव्हा हिरवा दोरा मिळाला नसावा, निळ्या दोऱ्याने केलं होतं. मास्तर ती जागा वगळून कापणार होते. बाई म्हणाल्या, "मास्तर, ते असू द्या, तेवढंच तर तिच्या हाताचं आहे." मग मास्तरांनी अख्खं कटिंग फिरवलं आणि ते रफू बरोबर काळजाशी येईल असं बसवलं, मागून मलमलचा तुकडा लावून. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, कुर्ता होऊन उरलेल्यात नातीचं झबलं आणि दुपटंपण झालं.

तर बाई आल्या, पिशव्यांचा ढीग बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ही लपवून काय ठेवलीस? संक्रांतीचं हळदीकुंकू आहे आमच्या सोसायटीत, हॉलमध्ये मांड." डाग पडलेली २९ बाजूला काढली, उरलेली इस्त्री करून नेली. बाईंनी काय केलं माहितीये, शाळेत शिकवायच्या तशा उभ्या राहिल्या आणि एकेक जॅकेट हातात घेऊन सांगायला लागल्या, ही गढवाल, अंग सुती आणि काठ रेशमी, ही इरकल, पदराचे उभे धागे वेगळे घेऊन अंगाच्या उभ्या धाग्यांना गाठवतात, तो टोपपदर. बायका वाण घ्यायला आलेल्या, जॅकेटं घेऊन गेल्या. एका संध्याकाळी ४१ गेली, १,८०० ला एक, घासाघीस न करता. रथसप्तमीपर्यंत अशी आणखी तीन हळदीकुंकवं झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पाटल्या सोडवल्या.

त्यानंतर लॉकडाऊन. जुन्या कपड्याला कुणी हात लावेना, आम्ही सुती साड्यांच्या अस्तरांचे मास्क शिवून पगार काढले. पण घरात बसून लोकांनी कपाटं उघडली, आणि २०२१ पासून आमचा धंदाच बदलला. आता लोक स्वतःची साडी घेऊन येतात. बऱ्याच जणी आईची आणतात, आई त्या दोन वर्षांत गेलेली असते. अशी साडी आली की आम्ही ती लगेच उसवायला घेत नाही, आठ दिवस नुसती हँगरवर ठेवतो, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास फोन येतो, "पदर तेवढा तसाच ठेवता येईल का?"

आणि कपाटात साड्या असतील त्यांनी माझं ऐका. डांबराच्या गोळ्या रेशमात टाकू नका, जर काळी पडते. मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये नको. दर सहा महिन्यांनी घडी बदला. हातमागाची खरी पैठणी असेल, उलट-सुलट दोन्हीकडून सारखी दिसणारी, तर ती कापायला माझ्याकडेही आणू नका, रफू करून नेसा. अगदीच फाटली असेल तर आणा, पण मग शिंप्याला सांगा की काठावर आणि पदरावर आधी टीप मारायची आणि मग टिपेच्या बाहेरून कापायचं. विणीतले रंगीत धागे कापल्या जागी मोकळे झाले की मोराची मान सुटून येते, मी बघितलंय. रेशमाला सुई ९ नंबरची, ११ ची ब्लाऊजला चालते म्हणून इथे चालवू नका.

आज सहा मशीन आहेत, नऊ जणी आहेत. प्रत्येक कपड्याला एक कार्ड लावतो, कुठली साडी, कुठे विरलेली होती, उसवायला किती वेळ लागला. डागाची ती २९ जॅकेटं मी विकली नाहीत, त्यांची अस्तरं काढून घेतली आणि वरच्या रेशमाची एक गोधडी केली, ती गाळ्यात मागच्या भिंतीवर आहे.

मागच्या सोमवारी बाई परत आल्या. बारा वर्षं घालून कुर्ता खांद्यावर विरलाय. नात आता त्यांच्या उंचीची झालीये, तिला त्याचं बिनबाह्यांचं जाकीट पाहिजे, जीन्सवर घालायला. मास्तरांनी चष्मा लावून कुर्ता खिडकीत धरला, निळं रफू अजून धड आहे, त्याच्या आजूबाजूचं कापड गेलंय पण ते नाही. आत्ता मी हे लिहितेय आणि ते पलीकडे बसून बगला उसवतायत, स्वतःच घातलेले टाके, दर चौथा.