तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंड खाणारे जंतू

"तुमचे ते जंतू लोखंड खातात ना?" नवी ओळख झाली की दहाव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. आमच्या आत्यानं तर घरचं गंजलेलं फाटकच देऊ केलं होतं. तर एकदाचं सांगून टाकते: खात नाहीत. त्यावर श्वास घेतात.

आपण भाकरी खातो आणि तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. ऑक्सिजन लागतो तो याचसाठी. नदीच्या तळच्या गाळात तो नसतो. तिथे हे इलेक्ट्रॉन गंजाला देणारा जिओबॅक्टर नावाचा जंतू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांना वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. १९८७ साली त्यांनी ते जाहीर केलं. अडचण एवढीच की ऑक्सिजन पेशीत शिरतो, गंजाचा कण शिरत नाही. मग इलेक्ट्रॉनच बाहेर धाडायचे. त्यासाठी हा जंतू अंगातून तारा काढतो. त्या नेमक्या कशाच्या, यावर बरीच वर्षं वाद चालला. २०१९ मध्ये त्यांतल्या एका तारेची रचना उलगडली, तर आत ओळीनं हीम, म्हणजे पोटात लोह धरून बसलेले रेणू, रचलेलं. आपल्या रक्तात असतं तेच!

मला स्वतःला हे पटलं ते बाटलीत. नारिंगी गंजाचं पाणी, खाऊ म्हणून ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार), हवा काढून भरलेला नायट्रोजन, जाड रबरी बूच, आणि सुईनं सोडलेलं जुन्या बाटलीतलं विरजण. पहिल्या खेपेला बूच मीच नीट बसवलं नव्हतं. तीन आठवडे बाटली नारिंगीच्या नारिंगी. दुसऱ्या खेपेला तळ आधी तपकिरी झाला, मग काळाकुट्ट. बाहेरून लोहचुंबक लावलं तर तो काळा गाळ काचेला धरून सरसर वर आला. मॅग्नेटाइट! इलेक्ट्रॉन मिळालेल्या गंजाचं झालेलं काळं, चुंबकाला चिकटणारं खनिज. त्या दिवशी जेवायचं राहून गेलं.

पुढचा प्रश्न ठरलेला: "उपयोग काय?" कोलोरॅडोत रायफल गावी युरेनियमच्या जुन्या गिरणीखालच्या भूजलात ॲसिटेट सोडलं. तिथले जिओबॅक्टर वाढले, गंजासारखेच युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देऊ लागले, पाण्यात विरघळलेलं युरेनियम घट्ट होऊन मातीत बसलं आणि पाण्यातलं प्रमाण उतरलं. हे सांगितलं की लोक खूश होतात.

बंगालचं मी सहसा सांगत नाही. तिथल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. असेच जंतू त्या लोहावर श्वास घेतात, तेव्हा ते विषारी आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी हातपंपानं वर येतं.