पातालपाणी: भुट्टेवाल्या पोराचं ऐका

पावसाळ्यात इंदूरला रामबागेत आत्याकडे गेलो की पातालपाणीचा धबधबा ठरलेला. महू ओलांडून पुढे, सगळं मिळून साधारण 35 किलोमीटर. पोहे-जिलेबी खाऊन आठला निघालात तर गर्दीआधी पोचाल. आम्ही साडेदहाला निघालो, कारण आत्येभावाला जिलेबीचा पुढचा घाणा हवा होता.

धबधबा सुमारे 300 फुटांचा. कठड्यावरून चांगला दिसतो, पण तेवढ्यावर भागतंय कुणाचं? जाळीपलीकडे, कड्याच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या खडकावर कॉलेजातली दोन मुलं फोटो काढत होती. आभाळ स्वच्छ. भुट्टे भाजणारा सतराएक वर्षांचा पोरगा दोनदा ओरडला, "भिया, पानी मटमैला हो रिया है, ऊपर आ जाओ!" ती हसली. खरं सांगतो, मीही हसलो.

गोम अशी की पाऊस पडतो मागच्या पठारावर आणि लोंढा इथे नंतर येतो, ऊन असतानासुद्धा. 2011 च्या जुलैत इथेच एक कुटुंब असंच अडकलं होतं, त्यातली काही माणसं वाचली नाहीत. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की चपलासुद्धा शोधू नका, बाहेर या.

पाहता पाहता खडकाच्या चारी बाजूंनी पाणी. पोरानं ताडपत्रीचा दोर ओढून काढला, एक टोक जाळीच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. मधला दोर आम्हा चौघांच्या हातात देऊन म्हणाला, "ढील धीरे-धीरे देना." मांडीभर पाण्यात शिरून पहिल्याला मनगट धरून आणलं. परत गेला. दुसऱ्याचा पाय सुटला तसा हाही आडवा झाला, पण पकड सोडली नाही. दोराला असा हिसका बसला की माझ्या तळहाताची सालं निघाली. कडा तिथून वीस-पंचवीस पावलांवर.

दोघं काठावर थरथरत बसली. हा मात्र आधी शेगडीकडे धावला. चार भुट्ट्यांचा कोळसा झाला होता, त्याचीच हळहळ.

तुम्ही जाल तेव्हा जाळीच्या आतच थांबा. असा प्रसंग आलाच तर आधी 112 लावा, आणि दोराशिवाय कुणी उडी मारू नका. तो पोरगा दोर बांधल्याशिवाय पाण्यात उतरला नव्हता. पातालपाणीहून कालाकुंडला जाणारी मीटरगेज (अरुंद रुळांची) गाडी जमवा, वेळापत्रक मात्र आधी बघून घ्या. कालाकुंडला पानातला कलाकंद मिळतो. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं, म्हणजे टंट्या मामांचं मंदिरही जवळच आहे.

आत्यानं त्या पोरासाठी जीवन रक्षा पदकाचं काढलंय, दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना केंद्र सरकार देतं ते. शिफारस राज्य सरकारमार्फत जाते म्हणून आम्ही चौघांनी जबाब लिहून ठेवलेत, कलेक्टर कचेरीत द्यायचेत.

त्याचा दोर मधोमध उसवलाय. वीस मीटरचा नवा नायलॉनचा आणून आत्याकडे ठेवलाय. येत्या रविवारी कुणी तिकडे जाणार असेल तर कळवा, गाड्यावर पोचवायचाय.