परभणी ते परळ: हृदयाच्या ऑपरेशनला लेकराला नेताना

परभणीहून रात्रीची देवगिरी धरली की सकाळी दादर. प्रवास एका रात्रीचा, पण तयारी तीन-चार आठवड्यांची. ही वाट चार वर्षांच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीची: हृदयाच्या पडद्याला छिद्र, फिट्ससाठी दिवसातून दोनदा औषध, थायरॉइडची गोळी, नाकातल्या नळीतून दूध. अशा लेकरांची तारीख कितीदा तरी हृदयामुळे नाही, शिंक, कागद नाहीतर अर्ध्या बिस्किटामुळे हुकते.

आधी कागद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं तर रेशनकार्ड आणि आधार काढून बघा. हमखास अडतं ते एका जागी: कार्डावर आई-बापाचं नाव असतं, लेकराचं चढवलेलंच नसतं. ते तहसीलच्या पुरवठा शाखेत आधीच करून घ्या. परळला पोचल्यावर गावाकडे फोन लावून भागत नाही. योजनेची मंजुरी ऑपरेशनआधी यावी लागते, तेव्हा निघण्यापूर्वी रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशी बोलून घ्या. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी असेल तर तीही ठेवा. टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) नुसता रिपोर्ट नको, सीडीही घ्या.

हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत स्लीपर व थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सही-शिक्का केलेला रेल्वेचा ठरावीक फॉर्म लागतो, आणि तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं. तिसऱ्या माणसाचं पूर्ण तिकीट. खालचा बर्थ मागा. एसीत गेलात तर घरचं पांघरूण आणि कानटोपी घ्या, कारण सर्दी झाली की भूल देणारे डॉक्टर तारीख दोन ते चार आठवडे पुढे नेतात. म्हणून शेवटचे पंधरा दिवस लग्न, जत्रा, बारसं सगळं बंद. नातेवाइकांना राग येतो, येऊ द्या.

औषधांचा कागद नीट करा, बाकीच्या पिशवीपेक्षा तो मोलाचा आहे. ‘सकाळी ३ एमएल’ एवढं लिहून चालत नाही, कारण एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. लेव्हेटिरासिटाम या फिट्सच्या औषधाच्या ज्या सिरपमध्ये १ एमएलला १०० मिलिग्रॅम औषध असतं, त्याचे ३ एमएल म्हणजे ३०० मिलिग्रॅम. कागदावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, एमएल, वेळ आणि शेवटचा डोस कधी दिला, हे पाचही हवं. बाटली सोबतच ठेवा, लेबल फाडू नका. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सर्जनला आवर्जून सांगा, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पण आपल्या मनाने बंद करू नका. चार दिवसांचा जादा साठा हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नाही. थायरॉइडची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची, दुधात नाही.

नळी नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा टेपवर पेनाने लिहून ठेवा. गाडीत प्रत्येक वेळी दूध देण्याआधी तो बघा. आकडा सरकलाय, किंवा लेकरू खोकतंय, तर दूध देऊ नका. देताना डोकं उंच, आणि नंतर अर्धा तास मांडीवर तसंच.

दादरला उतरून परळसाठी लोकल एकच स्टेशन आहे, पण सकाळच्या गर्दीत नळीवालं लेकरू घेऊन तो विचारही नको. टॅक्सी करा. राहायला परळला नाना पालकर स्मृती समितीसारखी ठिकाणं आहेत. अशा ठिकाणी बहुधा रुग्णालयाचं पत्र मागतात आणि खोली मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: डाउन सिंड्रोममध्ये मानेचे मणके सैल असू शकतात, झोपेत घोरते का, दात हलतोय का, शेवटची फिट कधी आली, आधी भूल दिली तेव्हा काय झालं. दात किडलेले असतील तर महिनाभर आधीच दाखवा. तिथले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात.

उपाशी ठेवण्याचा हिशोब घड्याळावर मांडा. सकाळी ८ ला ऑपरेशनचा नंबर असेल तर जेवण, पेज, गाईचं किंवा डब्याचं दूध रात्री २ पर्यंत, आईचं दूध पहाटे ४ पर्यंत, साधं पाणी ६ पर्यंत. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली तर तीच खरी. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. फिट्सचा सकाळचा डोस बहुधा थोड्या पाण्यासोबत द्यायला सांगतात. विचारून घ्या, चुकवू नका. आजी ‘पोरगं रडतंय’ म्हणून बिस्कीट भरवते आणि यादीतून नाव जातं, हे पुन्हा पुन्हा घडतं. त्या रात्री लेकराजवळ एकच माणूस बसवा.

काजळ, नेलपॉलिश, वाळे, काळा दोरा आदल्या रात्रीच काढा. नखाला रंग असेल तर बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपचा आकडा चुकू शकतो.

रक्तगट जुळो न जुळो, रक्त द्यायला तयार दोन-तीन माणसं मुंबईतली शोधून ठेवा. रक्तपेढीत बदली रक्त (घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात द्यायचं) कुठल्याही गटाचं चालतं का, ते आधीच विचारा. परतीचं तिकीट मात्र आत्ता काढू नका.