कॅल्शियमची बाटली

नैराश्याच्या गोळ्या मी पाकिटातून सोलून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचे. दोन वर्षं. आमच्या साखळी गावातला औषधवाला ओळखीचा, म्हणून औषध आणायला म्हापशाला जायचे. बांबोळीला मानसोपचाराच्या इस्पितळात जाताना एक बरं, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच. "गुडघा दाखवायला चालले" म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

मार्चमध्ये मानसशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने मला प्रश्नावली भरून द्याल का, असं विचारलं. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मला पाठ झाली होती. सुरुवातीला 27 पैकी 17 होते, आता 6. झोप लागते, वर्गात फळ्यापुढे उभी राहू शकते. ही प्रश्नावली मात्र वेगळी. आजाराबद्दल माणूस स्वतःलाच काय बोल लावतो, ते ती मोजते. 2003 सालची, 29 विधानं. 'अजिबात पटत नाही'ला एक गुण, 'पूर्ण पटतं'ला चार.

सरासरी अडीचच्या वर गेली की स्वतःविषयीचा कलंक जास्त धरतात. माझी 2.8.

म्हणजे आजार उतरला, पण लाज तशीच राहिली. गोळी लाजेवर चालत नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

तिने भाग वेगळे करून दाखवले. लोकांनी आपल्याला वाईट वागवलं का, याचे पाच प्रश्न; तिथे माझी सरासरी 1.4. आपण इतरांसारखे उरलो नाही, या भावनेचे सहा, तिथे 3.5. त्या दोन आकड्यांकडे मी बघतच राहिले. मला कोणी काही बोललंच नव्हतं. बोलणार कसं, कोणाला ठाऊकच नव्हतं! लोकांच्या वाटणीचं सगळं मीच स्वतःला ऐकवत होते. 'आळशी आहेस', 'मुलांना काय शिकवणार तू', 'वहिनी चार माणसांचं करते, तुला एक घर झेपत नाही'.

त्याआधीच्या दोन्ही गणेशचवथींना मी मूळ घरी गेले नव्हते. यंदा गेले. गणपतीच्या वर फळं टांगायच्या चौकटीला, माटोळीला, सुपाऱ्यांचा घोस बांधताना वहिनीला सगळं सांगितलं. ती हातातला सुंभ ओढत राहिली, गाठ पक्की केली. मग एवढंच विचारलं, "रात्रीची गोळी आणलीस ना गो?"

आणली होती. पाकिटातच.