अर्जातला एक रकाना

‘कारणाच्या रकान्यात हलाखीची परिस्थिती असे लिही बाळ, म्हणजे काम लवकर मिळेल,’ असे महाविद्यालयाच्या कार्यालयातील काकांनी आज अगदी मायेने सांगितले आणि माझे पेन तिथेच थांबले.

शिकता शिकता कमावण्याच्या ‘कमवा व शिका’ योजनेतले हे काम ग्रंथालयातले होते. तास संपल्यावर परत आलेली पुस्तके क्रमांकानुसार कपाटात लावायची आणि महिनाअखेरीस तासांच्या हिशेबाने मानधन घ्यायचे. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसचे, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचे, भाडे त्यातून निघणार नाही, पण मेसच्या बिलाला हातभार नक्की लागेल. आम्ही श्रीमंत नाही. मात्र वडिलांच्या शेतीला हलाखी म्हणायला हात धजावेना.

पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी श्रम करून शिकण्याला स्वावलंबन मानले होते. मग त्याच श्रमासाठी अर्ज करताना आधी दैन्य का सिद्ध करावे लागते, हे मला उमगत नाही.

शेवटी मी ‘स्वतःच्या खर्चासाठी’ एवढेच लिहिले. काकांनी चष्म्यावरून एकदा पाहिले आणि शिक्का मारला. यादी सोमवारी लागेल.

तुम्ही त्या रकान्यात काय लिहिले होते?