पंखाचं टोक टगवरून दिसत नाही : विमान ओढायला शिकतानाचा माझा अनुभव

मुंबई विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, मी आधी चार वर्षं सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केलं. टगवर, म्हणजे विमान ओढणाऱ्या गाडीवर, बसायची इच्छा पहिल्या महिन्यापासून होती, पण प्रत्यक्ष बसेपर्यंत पुढचं दीड वर्ष गेलं. पोलीस पडताळणी होऊन आत जायचा पास हातात होता. पण एअरसाइडला, म्हणजे आत विमानांच्या बाजूला, गाडी चालवायची म्हणजे वेगळा परवाना, लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी, मग टगचं प्रशिक्षण आणि शेवटी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली टोइंग, म्हणजे विमान ओढणं. कागदपत्रं नेटाने पाठपुरावा केला की होतात. सांगायचंय ते शेवटच्या टप्प्याबद्दल.

मला शिकवणाऱ्यांना सगळे मामा म्हणायचे. मी पहिल्या दिवशी टगच्या पायरीवर पाय ठेवला तर म्हणाले, "उतर. आधी महिनाभर पंखाबरोबर चालून घे." मला वाईट वाटलं. गाडी मला चांगली चालवता येत होती, वडील एसटीत ड्रायव्हर, स्टेअरिंग हातात धरतच मोठा झालो. तरी उतरलो आणि महिनाभर विंग वॉकर म्हणून हातात दिवे घेऊन पंखाच्या टोकाबरोबर चाललो.

तेव्हा कळलं की टगच्या सीटवरून विमान नीट दिसतच नाही. ए320 चा पंखविस्तार शार्कलेट, म्हणजे पंखाची वर वळलेली टोकं, धरून 35.8 मीटर, लांबी साडेसदतीस मीटर. ड्रायव्हर असतो नाकापाशी. पंखांची टोकं त्याच्यापासून दोन्ही बाजूंना अठरा-अठरा मीटर लांब आणि बरीच मागे. शिवाय वळताना एक वेगळीच गोष्ट होते. विमानाचे पंख मागे झुकलेले असतात आणि टोक मुख्य चाकांच्याही मागे येतं. त्यामुळे नाक डावीकडे वळवलं की उजव्या पंखाचं टोक नुसतं पुढे येत नाही, आधी बाहेर फेकलं जातं. वडील स्टँडवर नेहमी सांगायचे, वळणाऱ्या एसटीच्या मागच्या कोपऱ्याजवळ उभा राहू नकोस. तेच इथे, फक्त तो कोपरा डोक्यावर आणि खूप लांब.

मग टग मिळाला. ओढायला सुरुवात करायच्या आधीचं काम ओढण्यापेक्षा जास्त असतं, आणि मामांनी तेच पुन्हा पुन्हा करून घेतलं. चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे, लागलेले आहेत ना. लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या पायांच्या, पिना जागेवर आहेत ना, त्यांच्या लाल पट्ट्या लोंबताना दिसतायत ना. कार्गोचे दरवाजे बंद आहेत ना. टोबार, म्हणजे विमान आणि टग जोडणारा दांडा, आधी विमानाला, मग टगला. बायपास पिन घातली की नाकाच्या चाकाचा हायड्रॉलिक स्टेअरिंगशी संबंध तुटतो. ती नसेल आणि वर कुणी हायड्रॉलिक चालू केलं तर चाक आपोआप फिरतं आणि टोबार जवळच्या माणसाच्या पायावर येतो. मामा पिन डोळ्यांनी बघून थांबत नसत, बोटाने ओढून बघत. मला आता तीच सवय आहे.

सर्वात महत्त्वाचा ब्रेक. इंजिनं बंद असताना विमानाच्या ब्रेकला जोर मिळतो तो साठवलेल्या दाबातून, अ‍ॅक्युम्युलेटरमधून. कॉकपिटात तीन काट्यांचा एक छोटा गोल मीटर असतो. त्यातला दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असलाच पाहिजे. भरलेल्या अ‍ॅक्युम्युलेटरवर ए320 चा ब्रेक पूर्ण दाबून निदान सात वेळा लागतो, त्यानंतरचा भरवसा नाही. काटा खाली असेल तर पंप लावून दाब भरायचा, मगच पार्किंग ब्रेक सोडायचा. कॉकपिटात ब्रेकवर बसलेल्या माणसाने एरवी पेडलला पायही लावायचा नाही. टोबार तुटला तरच, तोही हळूहळू. मध्येच कचकन ब्रेक मारला तर टोबारची शिअर पिन, म्हणजे जास्त ताण आला की तुटणारी पिन, जाते. ती जायलाच केलेली असते, म्हणजे नाकाचा पाय वाचतो. पण मग मागे चाळीस टनांहून जास्त वजन मोकळं सुटतं आणि त्याच्या पुढ्यात टग असतो.

2015 च्या डिसेंबरमध्ये याच विमानतळावर पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलण्याच्या, वेळी एक तंत्रज्ञ इंजिनात खेचला जाऊन मरण पावला. मी तेव्हा कामाला नव्हतो. मामा होते. ते त्याबद्दल बोलत नाहीत. पण खालून कॉकपिटाशी बोलणारा हेडसेटवाला माणूस समोर दिसत नसेल, त्याचा अंगठा वर झालेला नसेल, तर त्यांनी मला टग वीतभरसुद्धा हलवू दिला नाही.

माझ्या देखरेखीतल्या शेवटच्या टोइंगांपैकी एक जुलैमधलं. रात्रीचे पावणेदोन. बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, पुढच्या विमानाला हवा होता आणि आमचं ए320 लांबच्या स्टँडवर न्यायचं होतं. पाऊस असा की रंगवलेल्या रेषा दिव्यांच्या उजेडात पाण्याखाली गेलेल्या. ओल्या रंगावर टगचं चाकही घसरतं, म्हणून चालण्याच्या वेगानेच निघालो. ग्राउंड कंट्रोलची परवानगी मिळाली, विमानाचा लाल दिवा फिरत होता. मामा शेजारच्या सीटवर गप्प बसलेले.

डावीकडे वळण घेतलं आणि उजव्या आरशात विंग वॉकरचे दिवे डोक्यावर एकमेकांवर आडवे गेले. फुलीसारखे. मी ब्रेक दाबला, हळू पण शेवटपर्यंत. टोबारमधून मागच्या वजनाचा धक्का पाठीला जाणवला. थांबलो. कॉकपिटातून ब्रेक लागल्याचं कळलं, चॉक लागले, मग उतरून बघायला गेलो.

कुणाची तरी प्रवाशांची शिडी तिच्या आखलेल्या चौकटीतून निम्मी बाहेर आली होती. पंखाचं टोक आणि शिडीचा कठडा यांच्यामध्ये दीड हाताचं अंतर. टोकावरून पाणी गळत होतं, त्यातलं थोडं वाऱ्याने कठड्यावर उडत होतं. टगवरून मला तिथे फक्त अंधार दिसला होता.

वॉकी-टॉकीवर विचारणा सुरू झाली, किती वेळ, बे कधी मोकळा होणार. मामांनी सेट घेतला. "शिडी हलेल तेव्हा विमान हलेल." शिडीवाले यायला वीस मिनिटं लागली. शिडी चौकटीबाहेर सोडून जाणं ही आमच्याकडची जुनी तक्रार. माझ्या मते तिच्याइतकी धोकादायक सवय रॅम्पवर दुसरी नाही, कारण ती करणारा माणूस नंतर तिथे नसतो.

थांबवणारा मुलगा कामावर लागून तीन महिनेही झाले नव्हते. रेनकोटच्या आत पार भिजलेला. मला विचारलं, "दादा, उगाच थांबवलं का?" मी त्याला हाताला धरून टोकाखाली नेलं आणि अंतर दाखवलं.

पुढचं टोइंग नीट झालं. स्टँडवर शेवटचे काही मीटर सरळ ओढले. वाकड्या चाकावर थांबलं तर नाकाच्या पायात पीळ राहतो आणि टोबार सुटताना लाथ मारतो. चॉक, पार्किंग ब्रेक, टोबार बाजूला उभं राहून सोडला, बायपास पिन काढली. पहाट व्हायला आली होती.

माझ्या वहीत प्रत्येक टोइंगची नोंद आहे, तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, देखरेख कुणाची. विंग वॉकरसाठी रकाना नाही. त्या दिवशीच्या ओळीशेजारी समासात मी त्या मुलाचं नाव लिहिलं, आणि मामांनी सही करताना त्याखालीच सही केली.